ठाण्यातलं स्टॉप-मोशन वर्कशॉप: देऊळ, मशीद, चर्च एकेका फोटोने

मागच्या शनिवार-रविवारी भाचीला घेऊन नौपाड्यातल्या एका छोट्या स्टुडिओत स्टॉप-मोशनचं (वस्तू जराशी हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते जोडून फिल्म करायची) वर्कशॉप केलं, विषय होता धार्मिक वास्तू. तीन टेबलं. एकावर अंबरनाथचं शिवमंदिर, दुसऱ्यावर मशिदीचा घुमट, तिसऱ्यावर कुलाब्याच्या अफगाण चर्चसारखं टोकदार कमानींचं चर्च, सगळं सनबोर्ड आणि शाडूचं. आणि मॉडेल आधी तयार करून फोटो काढायचे नाहीत, इमारत कॅमेऱ्यासमोरच तुकडा तुकडा ठेवत वर न्यायची! मला हे फार म्हणजे फारच आवडलं.

आम्हाला अंबरनाथ मिळालं. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ, मी दोन-तीनदा जाऊन आलेय पण शिखर असं कधी बघितलंच नव्हतं. भूमिज शैलीत चारी बाजूंनी उभे पट्टे वर जातात आणि मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. आम्ही सगळी एकाच साइजची केली, पाचव्या ओळीला कळलं की शिखर निमुळतं होतच नाहीये, मग परत मळा, परत लावा.

खरी मजा छताला आली. देवळात प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा पुढे सरकवत जागा मिटवत नेतात, आमचं तसंच उभं राहिलं. चर्चवाल्यांची कमान मात्र मधला दगड बसेपर्यंत पडतच होती, त्यांनी खाली पुठ्ठ्याचा टेकू दिला आणि शेवटी तो काढतानाचाही शॉट घेतला, सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. घुमटवाल्यांचा चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल होताना तर बघतच राहावं.

सेकंदाला १२ फोटो, म्हणजे १० सेकंदांना १२०. आमचे ९४च झाले.

तक्रारी आहेत. खिडक्यांना पडदे नाहीत, ढग आला की फिल्म लुकलुकते. एक्सपोजर (फोटोत किती उजेड येतो ते) लॉक करायला पहिल्या दिवशी सांगितलं पण व्हाइट बॅलन्सचं (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणाऱ्या सेटिंगचं) दुसऱ्या दिवशी, त्यामुळे आमचं देऊळ मध्येच पिवळं पडलंय. एका टेबलाला सात जण हे जास्तच, चारच ठेवा प्लीज. कटर वापरायचा असतो तेव्हा अगदी लहान मुलांना एकटं पाठवू नका.

तरी नक्की जा, आणि जमलं तर आधी अंबरनाथ बघून जा. आमच्या फिल्ममध्ये गाभाऱ्यात खाली उतरणाऱ्या पायऱ्या राहिल्यात, भाची त्या मोजायला येत्या रविवारी मला घेऊन चाललीय.