कूलर चालू ठेवून स्ट्रीम करायचंय? डेस्कटॉप माइक घेण्याआधी हे वाचा

एप्रिल ते जून नागपुरातली गेमिंगची खोली म्हणजे खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर, तीन बाजूंना ओल्या ताट्या, आत घरघरणारा पंप आणि समोर टेबलावर पीसी. माइकचे बहुतेक रिव्ह्यू मात्र बंद, शांत, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत बसून केलेले असतात. तिथे पहिला आलेला माइक इथे सपशेल आपटतो. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. कूलरच्या खोलीतून गेम स्ट्रीम करायचा असेल तर यूएसबी (थेट पीसीला) आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची) दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील प्रकारचा, माइक घ्या आणि पैसे कमी पडत असतील तर माइक एक पायरी खालचा घ्या, पण बूम आर्म (टेबलाला अडकवून माइक तोंडापाशी आणणारा दांडा) सोडू नका. फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असेल, म्हणजे व्हॉइसओव्हर किंवा पुस्तकवाचन, तर हिशोब वेगळा आहे. तो पुढे येतो.

आधी एक गैरसमज. 'डायनॅमिक माइक आजूबाजूचा आवाज घेतच नाही' असं दुकानदारही सांगतात आणि यूट्यूबवालेही. तसं काही नसतं. कूलरची घरघर आणि तुमचा आवाज यांत फरक करायला माइकला डोकं नसतं. डायनॅमिकची संवेदनशीलता कमी असते, त्यामुळे तो तोंडाजवळ आणावाच लागतो, आणि खरा फायदा त्या जवळ आणण्याचा आहे. अंतर निम्मं केलं की माइकवर तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मॉनिटरखाली ठेवलेला माइक तोंडापासून ६० सेंमीवर असतो. तोच आर्मवर लावून १० सेंमीवर आणला तर आवाज १५ डेसिबलहून थोडा जास्त वाढतो. कूलर आधीही दोन-तीन मीटरवर होता, आताही तिथेच आहे. म्हणजे गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) तेवढा खाली आणला की कूलर आपोआप १५ डेसिबलने मागे जातो. कुठलंही सॉफ्टवेअर आवाज न बिघडवता इतकं काम करत नाही.

आता मॉडेलं. कमी बजेटमध्ये फिफाइन एएम८ आणि के६८८ हे दोन डायनॅमिक सरळ घेण्यासारखे आहेत. दोघांनाही यूएसबी आणि एक्सएलआर, टॅप करून म्यूट, गेनचा नॉब आणि हेडफोनचं सॉकेट आहे. एएम८ला वर आरजीबी दिवे. मॅओनो पीडी२००एक्स याच पंगतीतला. यातली ग्यानबाची मेख अशी की म्यूट, दिवे आणि हेडफोन हे सगळं यूएसबीवर असतानाच चालतं. उद्या ऑडिओ इंटरफेस (एक्सएलआर माइक पीसीला जोडणारा डबा) घेऊन एक्सएलआरवर गेलात की माइक नुसता माइक उरतो. यात वाईट काही नाही, फक्त घेताना माहीत असावं.

दिसण्याचा सोस नसेल तर सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स जास्त भरवशाचे. दोन्ही गाण्याच्या माइकसारखे दांडीचे, कॅमेऱ्यात अगदी साधे दिसतात. पण दोन्हींच्या डब्यात छोटा ट्रायपॉड आणि दोन्ही प्रकारच्या केबल येतात. सोबतचा ट्रायपॉड मात्र डब्यातच राहू द्या. एवढ्या बुटक्या स्टँडवर माइक ठेवला की तोंडापर्यंत पोचतच नाही, आणि टेबलावर कोपर आपटलं की त्याचा धप्प आवाज थेट स्ट्रीमवर जातो.

आता ज्यांच्या नावाने सगळे येतात ते दोन. ब्लू येटी आणि हायपरएक्स क्वाडकास्ट. दोन्ही कंडेन्सर (डायनॅमिकपेक्षा जास्त संवेदनशील प्रकार), दोन्हींना चार पॅटर्न, म्हणजे आवाज कुठून घ्यायचा त्याच्या तऱ्हा: कार्डिऑइड (समोरून), सगळीकडून, दोन बाजूंनी आणि स्टीरिओ. बांधणी दणकट, आवाज खुला, आणि शांत खोलीत दोन्ही ऐकायला डायनॅमिकपेक्षा जास्त जिवंत वाटतात, यात वाद नाही. पण आपल्या खोल्यांत खाली फरशी, वर स्लॅब, चार बाजूंना प्लास्टरच्या उघड्या भिंती. माइक हातभर अंतरावर ठेवला की तुमच्या आवाजासोबत खोलीचा घुमारा, कीबोर्डची कटकट, कूलरचा पंप, सगळी वरात आत येते. येटीचा स्टँड जड असला तरी टेबलाचे हादरे बऱ्यापैकी पोचवतो. क्वाडकास्टला रबरी दोऱ्यांचा शॉक माउंट अंगचाच असल्याने त्या बाबतीत तो उजवा. डोक्यावर टॅप करून म्यूट करायची सोयही गेममध्ये फार कामी येते. हे माइक आधीच घरात असतील तर विकायला काढू नका. पॅटर्न कार्डिऑइडवर आहे ना बघा, आर्मवर चढवून एका वितीवर आणा, गेन खाली घ्या. आणि बोला समोरून, अंगाच्या बाजूने. कित्येक स्ट्रीमर यांच्या शेंड्यात तोंड घालून बोलतात आणि मग आवाज बसका येतो म्हणून तक्रार करतात. याउलट आधी सांगितलेले डायनॅमिक टोकातूनच ऐकतात.

दोन-तीन हजारांतच भागवायचं असेल तर फिफाइन के६६९ हा साधा यूएसबी कंडेन्सर चालून जातो. त्याला हेडफोनचं सॉकेट नाही, म्यूटचं बटण नाही, आवाजाचा एक नॉब आहे तेवढाच. या किमतीत टाळायचा तो 'बीएम-८००' नावाने सगळीकडे मिळणारा संच. माइक, आर्म, जाळी, फोम, सगळं एकाच खोक्यात, दिसायला स्टुडिओ. पण सोबतची केबल एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची पिन अशी असते. अशा एक्सएलआर कंडेन्सरला लागतो ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज), आणि मदरबोर्डच्या गुलाबी सॉकेटमधून मिळतात जेमतेम काही व्होल्ट. आवाज दबका येतो, बूस्ट वाढवला की सुंई असा सूर चढतो, आणि लोक माइकला शिव्या देतात. फँटम पॉवरचा डबा आणि साउंड कार्ड असं जोडत गेलात तर खर्च चांगल्या यूएसबी माइकएवढा होतो.

वरच्या टोकाला शुअर एमव्ही७ आहे, यूएसबी आणि एक्सएलआर दोन्हींचा. बजेट असेल तर गुपचूप घ्यावा असा माइक. पण जुना एमव्ही७ घेताना ध्यानात ठेवा, त्याला मायक्रो-यूएसबी आहे. टाइप-सी पुढच्या प्लस मॉडेलला आलं. आणि पॉडकास्टमध्ये दिसतो म्हणून शुअरचाच एसएम७बी मागणाऱ्यांनी आधी इंटरफेसचा गेन बघावा. या माइकला निदान ६० डेसिबल स्वच्छ गेन लागतो. फोकसराइट स्कारलेट सोलोची चौथी पिढी ५७ डेसिबल देते, म्हणजे नॉब शेवटपर्यंत पिळूनही आवाज जेमतेम. त्याच पिढीच्या स्कारलेट २आय२ मध्ये ६९ मिळतात. माइक, इंटरफेस, दणकट आर्म आणि केबल, ही सगळी बेरीज पाहिली की पहिल्या सेटअपसाठी एसएम७बी नकोच.

खोक्यावर '१९२ किलोहर्ट्झ' असा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ठळक छापलेला असतो, त्याकडे बघूसुद्धा नका. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, सॅम्पल रेट त्याच्या दुपटीहून थोडा जास्त लागतो, म्हणून ४८ किलोहर्ट्झ पुरून उरतात.

माइक आला की खरी गंमत मांडणीत. कार्डिऑइड माइकला समोरून पूर्ण ऐकू येतं, बाजूने म्हणजे ९० अंशांवरून कागदोपत्री ६ डेसिबल कमी, १२० अंशांवरून १२ कमी, आणि बरोब्बर पाठीमागून जवळजवळ काहीच नाही. आता नेहमीची मांडणी आठवा: खिडकीतला कूलर पाठीवर, तोंडासमोर माइक. माइकचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या खांद्यावरून थेट कूलरकडेच. याहून वाईट जागा सापडणार नाही. टेबल असं फिरवा की कूलर तिरका, माइकच्या पाठीमागच्या कोपऱ्यात येईल. अगदी नाकासमोर नको, कारण वाऱ्याचा झोत थेट माइकवर आला की पॅटर्न कितीही चांगला असो, फडफड येतेच. फोमची टोपी लावून ठेवा. खोली घुमत असल्यामुळे कागदावरचे डेसिबल पूर्ण मिळत नाहीत, तरी फरक पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये कळतो. पाठीमागच्या भिंतीला जाड गोधडी टांगली किंवा कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं की घुमाराही बसतो.

माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, पण ओठांच्या समोर नाही; गालाच्या कोपऱ्यातून तिरका, ३० ते ४५ अंशांत. मराठीत फ, भ, ख, घ पदोपदी येतात, आणि 'भाऊ' म्हटलं की हवेचा ठोसा सरळ समोर जातो. तिरक्या माइकला तो चुकतो, आवाज मात्र पोचतो. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. रेडिओवाल्यासारखं वाटतं म्हणून लोक चिकटून बसतात, आणि ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत.

आर्म घेताना त्याची पकड किती जाड टेबलाला बसते ते मोजा आणि तो किती वजन पेलतो ते बघा. हलक्या स्प्रिंगच्या आर्मवर जड माइक लावला तर पंधरा मिनिटांत मान टाकतो. आटे ३/८ आणि ५/८ इंच अशा दोन मापांचे असतात, जोडणारी पितळी बुशिंग सोबत आहे का ते विचारा. काचेच्या टेबलाला पकड लावू नका. सनमायकावर लावताना खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर कड फुटते.

ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरकडे वळताना आधी सॅम्पल रेट विंडोजमध्ये आणि ओबीएसमध्ये दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ करा. एकीकडे ४४.१ राहिला तर कधी तडतड येते, कधी लांब स्ट्रीममध्ये आवाज चित्राच्या मागेपुढे सरकतो. मग गेममध्ये ओरडता तसं ओरडून बघा. मीटर बोलताना पिवळ्यात खेळला पाहिजे, ओरडताना लाल पट्ट्याला शिवला तरी शून्याला टेकता कामा नये. फिल्टर या क्रमाने लावा: नॉइज सप्रेशन (घरघर कमी करणारा), नॉइज गेट (बोलत नसताना आवाज बंद करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा). सप्रेशनमध्ये आरएननॉइज निवडा. कूलरसारखी एकसुरी घरघर तो छान धरतो. गेटसाठी कूलर चालू ठेवून गप्प बसा आणि सप्रेशननंतर मीटर कुठे थांबतो ते बघा. समजा उणे ४८ डेसिबल आला, तर बंद होण्याची पातळी उणे ४२, उघडण्याची उणे ३६. ओबीएसच्या आयत्या आकड्यांवर, म्हणजे उणे ३२ आणि उणे २६ वर, हळू बोलणाऱ्याचे शब्दांचे शेवट कापले जातात. कॉम्प्रेसर आयता १०:१ वर येतो, तो ३:१ किंवा ४:१ वर आणा, नाहीतर प्रत्येक श्वास आणि कूलर वर उचलला जातो.

सप्रेशन एकाच ठिकाणी ठेवा. ओबीएसमध्ये आरएननॉइज, डिस्कॉर्डमध्ये क्रिस्प, त्यावर एनव्हिडिया ब्रॉडकास्ट असं तिन्ही लावलं की टाकीतून बोलल्यासारखा आवाज येतो. आणि नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीकडे राहणाऱ्यांनी सरळ सुट्टी घ्यावी. त्या ढोलताशांना अजून फिल्टर निघालेला नाही.

बारीक 'घूं' येत असेल तर माइक बदलण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष वीजजोडणीत आहे. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची तारच नसते, आणि कूलर, पीसी, मॉनिटर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लटकलेलं. कूलर वेगळ्या सॉकेटवर घ्या, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लोखंडी कूलरला पाणी लागलेलं असतं, त्यामुळे हे काम माइकसाठी नाही तरी करायलाच हवं. पीसीवर माइक कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये न लावता मागे, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा.

व्हॉइसओव्हरवाल्यांना मात्र यातल्या कुठल्याच युक्तीने कूलर चालू ठेवता येत नाही. एसीएक्स या ऑडिओबुकच्या प्लॅटफॉर्मची अट आहे की शांततेतला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये आणि शिखर उणे ३च्या आत. कूलर, पंखा दोन्ही बंद करून वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचा, आणि कूलर बंद केल्यावर ताट्यांतून पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत थांबा. अशा खोलीत ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारखा एक्सएलआर कंडेन्सर शोभून दिसतो. रेकॉर्डिंग मोनो, वेव फाइल, २४ बिट, आणि शिखरं उणे १२ ते उणे ६च्या दरम्यान.

कंडेन्सर घेतलात तर ओलाव्याला जपा. कूलरची दमट हवा कॅप्सूलवर बसली की मध्येच तडतड येते आणि वाळल्यावर जाते, त्यामुळे दोष सापडता सापडत नाही. काम झालं की सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवा.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात ऐकून माइक निवडता येत नाही, तिथल्या गोंगाटात सगळे सारखेच वाटतात. तिथे फक्त तीन गोष्टी बघा: यूएसबीचं सॉकेट हलतंय का, गेनचा नॉब फिरवताना खरखर येते का, हेडफोन लावल्यावर स्वतःचा आवाज लगेच ऐकू येतो का. बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर लिहून घ्या. 'इम्पोर्टेड पीस आहे, वॉरंटी आमची' असं कोणी म्हटलं तर ती लेखी मागा, आणि टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात जा.