एडीएचडीच्या गोळीसाठी टीयूई: नियम चांगला, अर्ज जड

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकारावरचं) नेहमीचं औषध. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत ते उत्तेजकांच्या एस-6 गटात येतं आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी असते. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूला ते चालू ठेवायचं तर नाडाकडून (भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून) टीयूई घ्यावी लागते, म्हणजे उपचारासाठी बंदीतलं औषध वापरायची परवानगी. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने अर्ज करायचा तो आपल्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे. नाडाची परवानगी तिथे आपोआप चालत नाही, तिला मान्यता मिळवावी लागते. परदेशातली पहिली मोठी स्पर्धा समोर आली की नेमकं हेच राहून जातं.

नियम म्हणून पाहिलं तर ही व्यवस्था न्याय्य आहे. आजार कागदावर सिद्ध हवा, औषधाने खेळाडू निरोगी अवस्थेपलीकडे जाता कामा नये, आणि बंदी नसलेला योग्य पर्याय नसावा. यात खेळाडूवर अविश्वास नाही. अडचण अर्जाच्या घडणीत आहे. तारखा सांभाळणं, जुने कागद शोधणं, वेळेत पाठपुरावा करणं, एडीएचडीत जे जे अवघड जातं तेच हा अर्ज मागतो. म्हणून हे काम खेळाडूच्या एकट्याच्या गळ्यात टाकू नये. प्रशिक्षक, आई-वडील किंवा संघाचे डॉक्टर, कुणीतरी एकाने फाइलची जबाबदारी घ्यावी.

स्पर्धेचा काळ सुरू होतो स्पर्धेच्या आदल्या रात्री 11:59 ला, आणि संपतो स्पर्धा व डोपिंग चाचणीचा नमुना देणं उरकल्यावर. त्याबाहेर, सरावाच्या दिवसांत मेथिलफेनिडेटवर बंदी नाही. याचा फायदा जरूर घ्यावा. योग्य डोस सापडायला काही आठवडे जातात, भूक, झोप आणि नाडीचे ठोके पाहून डॉक्टर तो वरखाली करतात. हे सगळं स्पर्धा नसलेल्या महिन्यांत करून घ्यावं आणि डोस स्थिरावला की अर्ज करावा. परवानगीत औषध, मात्रा आणि किती वेळा घ्यायचं हे लिहिलेलं असतं. त्याहून जास्त घेतलं तर ते परवानगीबाहेर जातं.

‘दोन दिवस आधी गोळी बंद केली की झालं’ हा सल्ला मैदानावर सहज मिळतो. तो मानू नये. औषध शरीरातून उतरायला किती वेळ लागेल हे माणसागणिक आणि गोळीच्या प्रकारागणिक बदलतं, हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळीचा हिशेब तर वेगळाच. आणि ज्या दिवशी लक्ष सर्वांत जास्त लागायला हवं त्याच दिवशी उपचार बंद ठेवणं हा खेळाडूवर अन्याय आहे.

अर्ज स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी गेला पाहिजे. पूर्ण अर्ज हाती आल्यापासून टीयूईचे अर्ज तपासणाऱ्या समितीने 21 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. इथे ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा, कारण एक कागद कमी असला की दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. सर्वांत जास्त अर्ज अडू शकतात ते निदानाच्या पुराव्यावर. ‘एडीएचडी आहे, गोळी चालू’ अशी दोन ओळींची चिठ्ठी पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या अहवालात डीएसएम-5 चे (मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेचे) निकष एकेक करून यायला हवेत: लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून होती का, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, 17 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीत एका गटातली किमान पाच लक्षणं आहेत का. सोबत प्रमाणित प्रश्नावलीचे गुण जोडावेत.

मोठेपणी निदान झालेल्यांची पंचाईत इथेच होते, बालपणाचा वैद्यकीय कागद नसतो. पण माळ्यावरच्या ट्रंकेत प्रगतिपुस्तकं असतात. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’, ‘वह्या अपूर्ण’, ‘सतत जागेवरून उठतो’, असे दुसरी-तिसरीतले शेरे, वर्षाचा उल्लेख दिसेल अशा पानांसह, स्कॅन करून जोडावेत. तज्ज्ञाने अहवालात त्यांचा अर्थ लावला तर त्यांना वजन येतं, नुसते टाचले तर नाही.

दुसरी अडचण पर्यायाची. अ‍ॅटोमॉक्सेटिनवर बंदी नाही, म्हणून समिती विचारणारच की ते का नको. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ते किती आठवडे, कुठल्या डोसवर दिलं आणि काय झालं, किंवा मुळात का देता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहावं.

गोपनीयतेत मात्र ही व्यवस्था एकदा उघडी पडली आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये हॅकरांनी वाडाच्या नोंदी चोरून जाहीर केल्या, त्यात अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या मेथिलफेनिडेटची परवानगीही होती. तिने एडीएचडी असल्याचं मोकळेपणाने सांगितलं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असंही. तिच्या हाती परवानगी होती म्हणून बदनामीचा प्रयत्न फसला. पण सांगायचं की नाही आणि केव्हा, हे ठरवण्याचा तिचा हक्क हिरावला गेला तो गेलाच.

परवानगी असली तरी नमुन्यात औषध सापडणारच, प्रयोगशाळा तसं कळवणारच. म्हणून डोपिंग नियंत्रणाच्या फॉर्मवर औषधाचं नाव, शेवटची गोळी कधी घेतली ते आणि टीयूईचा उल्लेख न विसरता लिहावा. प्रमाणपत्राचा फोटो फोनमध्ये आणि एक छापील प्रत किटबॅगेत ठेवावी.

नमुना देण्याची खोली हा या व्यवस्थेचा कच्चा दुवा. किमान 90 मिलिलीटर लघवी, तीही समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेखाली, कपडे वर-खाली सारून. एडीएचडीसोबत स्वमग्नताही (ऑटिझम) असेल तर त्या खेळाडूला अनोळखी माणसाची जवळीक, पांढरे दिवे आणि गोंगाट यांनी तासन्‌तास काही जमत नाही. मग घाईने लिटरभर पाणी प्यायलं जातं, नमुना पातळ होतो आणि पुन्हा द्यावा लागतो. सोबत प्रतिनिधी नेण्याचा हक्क आहे, तो वापरावा. अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी, नमुन्याच्या विश्वासार्हतेला धक्का न लावता, पद्धतीत बदल करता येतो. पण तो मागावा लागतो. शांत कोपरा, प्रत्येक पायरी आधी सांगणं, स्पर्श करण्याआधी विचारणं, या मागण्या तिथे पोहोचताच प्रतिनिधीने अधिकाऱ्याला सांगाव्यात, आणि त्या मानल्या नाहीत तर सही करण्याआधी फॉर्मच्या शेऱ्यांच्या रकान्यात तसं लिहावं.