आयसीयूतला नवा मॉनिटर: आठ महिन्यांच्या ड्युटीनंतर

मिरजेतल्या एका आयसीयूत मी १४ वर्षं सिस्टर आहे. आमच्या १२ खाटांवर नवे मॉनिटर बसून आठ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. इथलं सगळं कुठल्याही मॉनिटरपुढे उभं राहून तपासता येईल असं आहे. मोजमापाबद्दल तक्रार नाही: ईसीजी स्वच्छ दिसतो, आकडे लांबून वाचता येतात. मला बोलायचंय ते अलार्मबद्दल. नाइटला मी स्क्रीन बघते त्याहून कितीतरी जास्त वेळ तो आवाज ऐकत असते.

आधी जे मनापासून आवडलं ते. सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांचा, अलार्म थोडा थांबून वाजेल असं लावता येतं. पेशंटने हात हलवला, बोटाला लावलेला प्रोब सरकला, आकडा ८७ झाला आणि पाच सेकंदांत परत ९५. जुनं मशीन एवढ्यावरही ओरडायचं. आता डॉक्टरांशी बोलून आम्ही १५ सेकंद ठेवलेत. सॅच्युरेशन फारच खाली गेलं तर वाजणारा वेगळा अलार्म मात्र लगेच वाजतो, त्यामुळे धाकधूक राहत नाही.

प्रत्येक पेशंटची मर्यादा वेगळी ठेवता येते, हेही मोठं काम. सीओपीडीचे (फुप्फुसांचा जुनाट आजार) एक आजोबा होते. त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. मशीनची खालची मर्यादा ९०. म्हणजे आजोबा त्यांच्या मानाने ठीक असतानाही रात्रभर टणटण. डॉक्टरांना विचारून ती ८६ केली. आजोबा झोपले, बाहेर बाकावर बसलेली त्यांची सूनही झोपली. सकाळी स्कॅनला नेऊन आणलं, मॉनिटर बंद करून चालू केला, तर मर्यादा पुन्हा ९०! पेशंट तोच, खाट तीच. हे मशीनला लक्षात ठेवता आलं पाहिजे.

आता आवाज. लाल अलार्म म्हणजे धावा, त्याचे दहा ठोके. पिवळा म्हणजे लवकर बघा, त्याचे तीन. आयईसी ६०६०१-१-८ या आंतरराष्ट्रीय मानकात हे ठरलेलं आहे. पण पिवळ्यात काय काय कोंबलंय ते बघा: ईसीजीची लीड (छातीला चिकटवलेली वायर) निघाली तरी तीन ठोके, आर्ट लाइनचं (बीपी सतत मोजायला धमनीत घातलेली नळी) प्रेशर उतरलं तरी तेच तीन ठोके. एकदा पहाटे तीनच्या सुमाराला ७ आणि ८ नंबर एकदमच वाजले. मी ८ कडे गेले, कारण ते काका सारखे लीड ओढत होते. लीडच निघाली होती. ७ नंबरच्या ताईंची आर्ट लाइन मात्र जोडावर सैल होऊन चादरीत रक्त येत होतं. वेळेत लक्षात आलं, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. पण ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं. मी त्या आवाजावरून अंदाज बांधला, आणि त्या आवाजात अंदाज बांधण्यासारखं काहीच नव्हतं.

हे बदलता येतं. त्याच मानकात २०२० साली दुरुस्ती होऊन नवे आवाज आले: हृदयासाठी हृदयाची धडधड, औषधासाठी डबीत गोळ्या खुळखुळल्याचा आवाज. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जूडी एडवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासून घेतलेत. आमच्या मशीनमध्ये त्यातलं काही नाही.

खोट्या अलार्मचं म्हणाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या आयसीयूंमध्ये मोजलं गेलंय. २०१४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात खाटेमागे दिवसाला १८७ अलार्म कानावर पडत होते, आणि हृदयाच्या ठोक्यांबद्दलचे जे तपासले त्यांतले ८८.८ टक्के खोटे. आमच्या १२ खाटांना तोच हिशेब लावला तर दिवसाला सव्वादोन हजारांच्या घरात जातो. नव्या मुली दुसऱ्याच आठवड्यात न बघता सायलेन्स दाबायला लागतात. मी त्यांना रागावते, पण खोट त्यांच्यात नाही.

काही त्रास आम्ही आमच्या हाताने कमी केलाय. बीपीचा कफ आणि प्रोब एकाच हाताला लावत नाही, कारण कफ फुगला की त्या हाताचं सॅच्युरेशन गायब. पोटॅशियम वाढलेल्या किडनीच्या पेशंटची टी वेव्ह (ईसीजीवर ठोक्याच्या टोकानंतर येणारी लाट) उंच असली की मशीन तीही ठोका म्हणून मोजतं आणि ८० चे १६० दाखवतं. तेव्हा लीड बदलून बघतो. इलेक्ट्रोड (लीड जोडायच्या छातीवरच्या चिकटपट्ट्या) रोज सकाळी स्पंजिंगनंतर बदलतो. त्याचा फरक सगळ्यात जास्त पडला.

सगळ्यात मोठी खोट सायलेन्सची. ते बटण फक्त टचस्क्रीनवर, कोपऱ्यात, आणि त्याला खेटून तसंच दिसणारं पॉज. एक दाबलं तर चालू अलार्मचा आवाज थांबतो आणि नवा आला की वाजतो, दुसरं दाबलं तर दोन मिनिटं त्या खाटेचं काहीच वाजत नाही. सक्शन करताना, म्हणजे पेशंटच्या श्वासनळीतला कफ ओढून काढताना, माझे दोन्ही हात ग्लोव्ह्जमध्ये, ओले. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, दिली तर भलतंच दाबलं जातं. बाजूला एक मोठं, खरंखुरं, कोपरानेही दाबता येईल असं बटण हवं. पॉज आत कुठेतरी ठेवा, तो घाईत लागत नाही.

पाचपैकी तीन. सॅच्युरेशनच्या सोयीसाठी घ्यायला हरकत नाही, पण घेण्याआधी डेमोला नाइटची एक सिस्टर बसवा आणि तिला ओले ग्लोव्ह्ज घालून अलार्म बंद करायला सांगा. दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूसाठी पुढच्या महिन्यात डेमो आहे. मेट्रन मॅडमनी मला बोलावलंय.