कोकणच्या दमट हवेत काळी पायमशीन

सरळ टाक्यासाठी पायाने चालवायची काळी शिलाई मशीन आजही अव्वल. रत्नागिरी-मालवणकडे वीज गेली तरी काम थांबत नाही आणि सुटे भाग सहज मिळतात. मात्र पावसाळ्यात तिला जपावं लागतं. चाक फिरवणारी चामड्याची वादी (पट्टा) सैल पडते, चाक नुसतं घसरतं. थोडी कापून पुन्हा जोडावी. तेल मशीनचंच घाला. खोबरेल कधीच नको, ते थिजतं आणि शटल (सुईखालचा फिरता भाग) जाम होतं.

कापडाखाली दोऱ्याची जाळी झाली की बहुतेक जण बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो: प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली ठेवून दोरा ओवला की तो टेन्शनच्या म्हणजे ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. खालच्या दोऱ्याचा ताण तपासायला बॉबिन केस (बॉबिनची डबी) दोऱ्याला धरून लटकवा. हलक्या झटक्याला इंचभर सरकली की ताण बरोबर.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. सुती कापडाला १४ नंबर, जाड पडद्याला १६. चपटी बाजू योग्य दिशेला, सुई थेट वरपर्यंत. झिगझॅग (नागमोडी टाका) हवा असेल तर ही मशीन घेऊ नका.