एफएफएमपेग : काम चोख, पण परवाना वाचून घ्या

व्हिडिओ कापणं, जोडणं, एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणं यात एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तोड नाही. एमकेव्हीचं नुसतं एमपीफोर करायचं असेल तर ‘कॉपी’ पर्याय द्या. पुन्हा एन्कोडिंग होत नाही, दर्जा तसाच राहतो. याच पर्यायाने कापताना मात्र सुरुवात सरकते, कारण काप की-फ्रेमवर, म्हणजे स्वतःपुरत्या पूर्ण असलेल्या चित्रचौकटीवर, बसतो. कमांड किचकट आहेत, हे खरं.

खरी मेख परवान्यात आहे. मूळ संच एलजीपीएल २.१ या काहीशा सैल मुक्त परवान्याखाली येतो. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर जोडून बिल्ड केला, म्हणजे सोर्स कोडपासून चालता प्रोग्राम बनवला, की अख्खा संच जीपीएल या कडक परवान्याखाली जातो. बंदिस्त सॉफ्टवेअरला तो लिंक करून विकता येत नाही. ‘नॉनफ्री’ पर्याय लावून बनवलेला बिल्ड तर कुणाला वाटताच येत नाही. स्वतःच्या मशीनवर वापरायला यातलं काहीच आड येत नाही. अ‍ॅपसोबत द्यायचा असेल तर एलजीपीएल बिल्ड घ्या, डायनॅमिक लिंक करा (लायब्ररी आत न मिसळता वेगळ्या फाइलीत ठेवा) आणि नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, आपल्या बदलांसकट, उपलब्ध ठेवा. आयते मिळणारे बरेच बिल्ड जीपीएल असतात. ‘-L’ (मोठा एल) पर्याय देऊन परवाना आधी तपासा. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतींच्या, पेटंटचा प्रश्न वेगळाच, तो या परवान्याने सुटत नाही.