साठीनंतरची सायकल: टांग मारायची की बटण दाबायचं?

गेल्या दिवाळीनंतर मेहुण्यांचा फोन आला. वय ६९, बीपीची गोळी चालू, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. कॉलेजात असताना सदाशिव पेठेतून रोज फर्ग्युसनला सायकलनं जायचे, त्याला आता पन्नास वर्षं होतील. “परत सुरू करायची म्हणतोय. साधी घेऊ, गिअरची घेऊ, बॅटरीवाली घेऊ, की आपली घरात बसवायची?” मी विचारलं, “उभ्यानं पँट घालता येते का?” पलीकडे शांतता. मग म्हणाले, “भिंतीला टेकून.”

माझ्या मते निम्मी निवड या उत्तरावर होते. दुकानात बोलणं सुरू होतं ते गिअर किती, एका चार्जमध्ये जाते किती यावरून. पण या वयात घात होतो तो चढताना आणि उतरताना. रस्त्याचा चढ-उतार म्हणत नाही मी; सायकलवर चढणं आणि तिच्यावरून उतरणं. चालती सायकल स्वतःला बरीचशी सावरून घेते. थांबलेलीला आपण सावरायचं असतं, तेही एका पायावर.

हे शहाणपण मला मनगट देऊन मिळालं. एकसष्टाव्या वर्षी हौसेनं गिअरची हायब्रिड घेतली. दांड्याची, झकास दिसणारी. तिला मागाहून कॅरिअर लावून घेतलं आणि त्यावर एकदा भाजीची पिशवी बांधली. सिग्नलला उतरायला टांग मागे टाकली, ती पिशवीला अडली आणि मी शून्य वेगात आडवा. पंधरा दिवस हाताला क्रेप बँडेज. निदान रिक्षानं उडवलं असतं तर चारचौघांत सांगायला बरं पडलं असतं.

म्हणून पहिली तुलना दांड्याची आणि बिनदांड्याची. आपल्याकडे बिनदांड्याची म्हणजे ‘लेडीज सायकल’, आणि तिथंच पुरुषमंडळी अडतात. कंपन्यांनी आता तिला ‘स्टेप-थ्रू’ किंवा ‘युनिसेक्स’ असं नाव देऊन आपला मान राखलाय. दांड्याच्या सायकलीत टांग कॅरिअरवरून न्यावी लागते, म्हणजे खुबा मोकळा हवा आणि तेवढा वेळ दुसऱ्या पायावर भरवसा हवा. बिनदांड्याचीत पाय पुढून, वीतभर उचलून पलीकडे जातो. अंगावर येणारं कुत्रं दिसलं की पटकन उतरून सायकल मध्ये धरून चालू लागावं, हा पहाटेच्या रस्त्यावरचा जुना उपाय. तो बिनदांड्याच्या सायकलीवर जमतो. दांड्याच्या बाजूनं एवढंच की तिची फ्रेम थोडी ताठ असते आणि खांद्यावर उचलून जिना चढवायला बरी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर हा मुद्दा खरा आहे; नाहीतर दांड्याचा हट्ट सोडावा.

सीटच्या उंचीचं त्रांगडं याच्याशीच जोडलेलं आहे. भीतीपोटी आपण सीट इतकी खाली घेतो की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात. धीर येतो, पण पॅडल मारताना गुडघा जास्त दुमडलेला राहतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. मग महिन्याभरात ‘सायकलनं गुडघे गेले’ अशी तक्रार. हिशेब सोपा आहे: पॅडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, मग चवड्यानं मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. या उंचीला जेमतेम बोटं टेकतात, म्हणून थांबताना सीटवरून पुढे सरकून उभं राहायची सवय करावी लागते. मध्ये दांडा नसला की ती दोन दिवसांत होते.

आता साधी की गिअरची. काळी, मोठ्या चाकांची साधी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. ताठ बसता येतं, चेनला कव्हर असल्यानं पायजमा काळा होत नाही, मागचं चाक पंक्चर झालं तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावून देतो. सपाट गावात, पेठेतल्या पेठेत फिरायचं असेल तर हिच्यात काही कमी नाही. कमी जाणवते ती चढावर. एकच गिअर असल्यानं पाय सावकाश फिरतो, प्रत्येक पॅडलला सगळं अंग घालावं लागतं, आणि गुडघ्याला नेमकं तेच मानवत नाही. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवत चढलं की वेळ तेवढाच लागतो, पण गुडघ्यावर दर फेरीला भार कमी येतो. जुन्या सळईच्या ब्रेकवर तर पावसात माझा विश्वास नाही.

गिअरच्या सायकलीत दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. गिअर अंगठ्यानं ढकलायचे असतील आणि अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर मूठ फिरवून बदलायचे गिअर बघा. आणि हँडल जितकं लांब व खाली, तितकी मान वर उचलून ठेवावी लागते. मागचं वाहन बघायला ती वळवणं आणखीच जड जातं. हँडलला आरसा लावा. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, पण माझ्या सायकलवरची सर्वांत किमती. पुढे तीन आणि मागे सात अशा एकवीस गिअरांची आपल्याला गरज नसते. मागचे सात-आठ पुरतात, फक्त सगळ्यात हलका गिअर खरोखर हलका हवा.

ई-सायकलबद्दल माझं मत दोन वर्षांत पालटलं. आधी वाटायचं, ही आळशांची सायकल. २०१९मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठांच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपासून त्र्याऐंशीपर्यंतच्या लोकांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास सायकल चालवली. काहींनी साधी, काहींनी बॅटरीवाली. मनाची एकाग्रता आणि निर्णय घेण्याच्या काही चाचण्यांत फरक दोन्ही गटांत दिसला, आणि मानसिक स्वास्थ्यात तर बॅटरीवाले किंचित पुढेच. त्यांनीही पॅडल मारलेलंच असतं. मोटर फक्त हातभार लावते.

कायद्याचं एवढं बघा: मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असेल तर लायसन्स, नोंदणी, नंबरप्लेट काही लागत नाही. ‘काका, हिची वायर काढली की चाळीसनं पळते’ असं कुणी सांगितलं तर काकांनी तिथून निघावं. दुसरं, सेन्सर कोणता ते विचारा. स्वस्त गाड्यांत पॅडल फिरतंय एवढंच मोटरला कळतं. अर्धी फेरी झाली की ती एकदम ढकलते. टॉर्क सेन्सर असला तर तुम्ही जितका जोर लावाल तितकीच साथ मिळते. साठीच्या पुढे हा फरक चैनीचा नाही. सिग्नलला पॅडल सहज अर्धी फेरी फिरवलं आणि गाडी पुढे उडी मारून गेली, असा प्रसंग मी बघितलाय. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते की नाही, हेही दुकानात तपासा.

तोटा वजनाचा. वीस ते सत्तावीस किलो, आणि बॅटरी संपली की ते सगळं आपल्या पायांवर. उभी ई-सायकल एका बाजूला कलली तर सावरणं कठीण. बहुतेक गाड्यांची मोटर मागच्या चाकात असते. ठिगळापुरतं ठीक, पण टायर-ट्यूब बदलायची वेळ आली की पंक्चरवाला वायर बघून हात वर करतो. बॅटरी काही वर्षांनी उतरते आणि नवी घेताना सायकलच्या किमतीचा बराच भाग पुन्हा मोजावा लागतो. ई-मोटोराड पुण्याचीच आहे, हिरोची लेक्ट्रो आहे, आणखीही आहेत. ब्रँडपेक्षा आपल्या गावात सर्व्हिस कोण देतं हे आधी विचारा.

घरातली व्यायामाची सायकल मी बरीच वर्षं हिशेबात धरत नव्हतो. वारा नाही, चहाची टपरी नाही, भेटणारं माणूस नाही. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पावसाळा आहे, चक्कर येते, गुडघा बदललाय, अशा वेळी तीच कामाची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टही तिच्यावरच बसवतात, कारण पडायची भीती नाही आणि भार मोजून वाढवता येतो. पाठीची तक्रार असेल तर पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची घ्या. जागा जास्त खाते, पण चढा-उतरायला खुर्चीसारखी. उणीव एकच, आणि ती मोठी आहे: तोल सावरण्याचा सराव तिच्यावर शून्य होतो. दोन वर्षं फक्त घरात चालवून एकदम रस्त्यावर आलात तर छातीत दम असेल, पण टांग तिथंच अडेल.

शंभरी ओलांडलेले फ्रेंच सायकलपटू रोबेर मार्शां यांचं नाव अशा गप्पांत येतंच. २०१७मध्ये, १०५व्या वर्षी, त्यांनी तासाभरात २२.५४७ किलोमीटर कापले. पण ते बंदिस्त लाकडी ट्रॅकवर, जिथे रिक्षा नाही की खड्डा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं आणि बर्मिंगहॅम विद्यापीठानं ५५ ते ७९ वयाच्या सव्वाशे सायकलपटूंवर केलेला अभ्यासही लोक पुढे करतात. २०१८च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मंडळींच्या स्नायूंची झीज वयाच्या मानानं झालेली नव्हती आणि रोगप्रतिकारक पेशी तयार होण्याचं काम तरुणांसारखं चालू होतं. मात्र त्यांत निवडलेले पुरुष साडेसहा तासांत शंभर किलोमीटर मारणारे होते, तेही वर्षानुवर्षांच्या सवयीचे. पासष्टीला नव्यानं सुरू करणाऱ्यानं ते आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

एका बाबतीत चारही सायकली सारख्याच नापास होतात: हाडं. सीटवर बसल्यावर हाडांवर शरीराचा भार येत नाही, म्हणून सायकलनं हाडं बळकट होत नाहीत. चालणं, जिने, थोडी वजनं वेगळी करावी लागतातच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि पासष्टीच्या पुढच्यांना त्याखेरीज तोल आणि ताकद यांचा सराव तीन दिवस. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच चढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका; बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम पुरे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच रस्त्यावर या, आणि हेल्मेट प्रत्येक वेळी, दूध आणायला जातानाही.

खर्चाचं ढोबळ गणित: साधी सहा ते नऊ हजार, गिअरची बरी पंधरा ते तीसच्या मध्ये, ई-सायकल पंचवीसपासून पन्नासपर्यंत, टॉर्क सेन्सर हवा तर त्याहून वर. घरातली दहा-पंधरात मिळते, आणि जुनी तर कुणाच्या तरी गॅलरीत वाटच बघत असते.

मेहुण्यांना मी सरळ सांगितलं: भिंत लागते तोवर रस्ता नको. त्यांनी मुलीकडची घरातली सायकल आणली, तीन महिने रोज वीस मिनिटं चालवली, आणि ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहायचा सराव केला. त्यांच्या घरापासून कुठंही जायचं तर चढ आहे, म्हणून गिअरच्या भानगडीत न पडता बिनदांड्याची ई-सायकल ठरवली. तुम्हाला सपाट रस्ता असेल आणि उभ्यानं पँट घालता येत असेल, तर मी बिनदांड्याची, मागे सात गिअर असलेली सायकल सांगेन आणि वाचलेल्या पैशांत आरसा, दिवे व हेल्मेट घ्यायला लावीन.

खरेदीला मी बरोबर होतो. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, एक चक्कर मारून या.” मेहुणे म्हणाले, “चक्कर नंतर.” पायात रोजच्या चपला, कॅरिअरला घरून आणलेली पिशवी, आणि फुटपाथलगत दहा वेळा चढले-उतरले. सातव्या खेपेला टाच सीटखालच्या बॅटरीच्या डब्याला लागली. ती गाडी तिथंच ठेवली आणि शेजारची मागितली.