नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर, माझं नाव आणि साडेसदुसष्ट हजार

आधी आकडा सांगते: 67,500 रुपये. त्यातले 47,500 फोनवरून पाठवलेले, 20,000 रोख. बदल्यात हातात आला लॅमिनेशन केलेला एक रंगीत कागद. त्यावर आम्हा नवराबायकोचे फोटो शेजारी शेजारी, आणि वर ठळक अक्षरात 'संयुक्त शस्त्र परवाना'. लग्नातसुद्धा आमचा इतका स्वच्छ फोटो निघाला नव्हता.

एजंट कसे असतात ते कुणाला नव्याने सांगायला नको. रेशनकार्ड, सातबारा, आरटीओ, जाल तिथे ते उभेच. पण आम्हाला भेटलेला एजंट कायदा पाठ करून आलेला होता. नुसता थापाड्या असता तर मी दारातूनच परत पाठवला असता. बचत गटाचा हिशेब गेली कित्येक वर्षं मीच ठेवते, रुपयाला रुपया जुळवून. तेव्हा 'बायकांना कोणीही गंडवतं' असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचून मग बोलावं.

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यात त्याचं कुणाला अप्रूप नाही, अपशिंगे गाव तर नावातच 'मिलिटरी' घेऊन बसलंय. 2009 साली ह्यांनी रीतसर परवाना काढून बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. आता हे पुण्याला सिक्युरिटीत नोकरीला. आमची वस्ती गावापासून लांब, चारी बाजूंनी ऊस, रात्री मी आणि सासूबाई. (बिबट्याचं नाव घेऊन कुणी मला सल्ला देऊ नका. बिबट्यावर गोळी झाडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेवढं मलाही कळतं. भीती माणसांची होती.)

नणंदेच्या मिस्टरांच्या ओळखीतून हा एजंट आला. साताऱ्यात पोवई नाक्यावर एका चहाच्या गाड्याशेजारी बसतो, हातात कायम निळी फाईल. आल्या आल्या त्याने ह्यांना विचारलं, "सुभेदारसाहेब, तुम्ही पुण्यात, हत्यार इथल्या कपाटात, किल्ली वहिनींकडे. मग ताबा कोणाचा?" हे गप्प. "वहिनींचा. आणि वहिनींकडे परवाना नाही. 2019 ला कायदा कडक झालाय. विनापरवाना ताबा म्हणजे कमीत कमी 2 वर्षं, वर 5 पर्यंत."

हे खरं आहे, तीच तर गोम आहे. आर्म्स ॲक्टचं कलम 25 तसंच सांगतं. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. नवऱ्याचा परवाना आहे म्हणून बायकोने ते हत्यार स्वतःचं समजून बाळगावं असं कायद्यात कुठेही नाही. परवानाधारक समोर असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुरुस्तीला, नूतनीकरणाला नाहीतर त्याच्याच वापरासाठी नेताना सूट आहे, तेवढीच. म्हणजे भीती त्याने खरी घातली. औषध तेवढं खोटं विकलं: दोघांच्या नावाचा एकच परवाना.

ते औषधही अर्धं खरंच होतं. मोबाईलवर 2016 चे आर्म्स नियम काढून त्याने नियम 25 दाखवला. परवानाधारक जिवंत असतानाही वारसाला परवाना देता येतो, आणि बायको वारस आहेच. ओळ बरोबर होती, माझ्या डोळ्यांनी वाचली. खालच्या ओळीवर त्याचा अंगठा होता. त्या ओळीत लिहिलंय की हे तेव्हाच, जेव्हा परवानाधारकाची 70 वर्षं पूर्ण होतील किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं होतील, यातलं जे आधी असेल ते. ह्यांचं वय 58. हत्याराची 25 वर्षं भरणार 2034 ला. शिवाय तेव्हासुद्धा वारसाने आपली पात्रता दाखवून आपला परवाना घ्यायचा असतो, दोघांचे फोटो एका कागदावर चिकटत नाहीत. मोबाईलवर कुणी कायदा दाखवला तर मोबाईल त्याच्या हातातून आपल्या हातात घ्या. दुसऱ्याच्या बोटाखालचं वाचू नका.

मग पैसे. टोकन 5,000. 'चलन आणि स्टॅम्प' 21,500. 'पोलीस रिपोर्ट' 12,000. 'ट्रेनिंग सर्टिफिकेट' 9,000, आणि ट्रेनिंगला कोणी बोलावलंच नाही. शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण नियमात खरोखर आहे, ते स्वतः जाऊन करावं लागतं, घरपोच येत नाही. सरकारी फी चलनाने भरली जाते आणि चलनावर जीआरएन, म्हणजे सरकारी संदर्भ क्रमांक असतो. तो नसेल तर ती फी नाही.

आता ती गोष्ट, जिच्यापायी अजून झोप येत नाही. 500 च्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं होतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, पण ते जाऊ दे. ह्यांना पुण्याची गाडी पकडायची होती. टोळी उसात, मुकादम दारात उचल मागायला उभा, चुलीवर माणसांचा चहा. आणि मी वाचलं. वय वर्षं 71. मी बोलले सुद्धा, "अहो, ह्यांचं वय चुकलंय." तो हसला. "टायपिंग मिस्टेक हो वहिनी. वर आधार लावलंय ना, साहेब आधारच बघतात. आता बदलायचं तर परत नोटरी, परत 1,500." त्या 1,500 ला मी भ्याले! बासष्ट हजार अजून जायचे होते आणि मी दीड हजार वाचवले. ह्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. नोटरीचा शिक्का आधीच मारलेला होता. ज्याच्यासमोर शपथ घ्यायची, त्याचं तोंडही आम्ही पाहिलं नाही.

ते 71 चुकून पडलेलं नव्हतं. 58 चा माणूस त्या नियमात बसत नाही म्हणून मुद्दाम घातलेलं होतं, आणि त्यावर आमच्या सह्या घेऊन आमची तोंडं बंद करायची होती. तुमच्या कागदात वय, गट नंबर, नाव, काहीही चुकीचं दिसलं तर 'मिस्टेक' ऐकून घेऊ नका. गाडी चुकली तर दुसरी मिळते.

शेवटचे 20,000 'साहेबांचे', रोख. ते दिल्यावर कागद आला. बरोबर म्हणाला, "हत्यार द्या, दोन दिवसांत नोंद करून आणतो." तिथे मात्र ह्यांचा फौजी बाणा जागा झाला. हत्यार परक्याच्या हातात जाणार नाही, काय तपासायचं ते मी घेऊन येतो, म्हणाले. देव पावला. समोरच्याला हक्क आहे की नाही याची खात्री न करता हत्यार सोपवणं हाही गुन्हाच आहे. पुढे ते कुठे वापरलं गेलं असतं, विचार करवत नाही.

नूतनीकरणाच्या वेळी हे मूळ परवान्यासोबत तो कागद घेऊन गेले. खिडकीवरच्या बाईंनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा यूआयएन तुमचाच आहे. यांचा कुठाय?" प्रत्येक परवानाधारकाचा स्वतःचा यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक असतो. असला संयुक्त कागद इथून जात नाही, एवढं सांगून त्यांनी तो परत दिला. त्या बाईंशी माझं भांडण नाही. त्या सगळ्या प्रकारात खरं बोललेल्या त्या एकट्याच.

भांडण आहे ते पुढच्यांशी. एका पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैसे घरी बसून पाठवलेत, हद्द तुमच्या गावची. गावच्या हद्दीतले म्हणाले, माणूस सातारा शहरात बसतो, तिकडे जा. अरे, नवीन कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठेही घडो, फिर्याद घ्यायची. तुमच्याच भिंतीवर फलक लावलाय! हे मी बोलले तर साहेब म्हणतात, "ताई, कायदा आम्हाला शिकवू नका." एजंटाने शिकवला तो चालतो, बाईने सांगितला तो बोचतो. मग दुसऱ्याने आमच्यावरच उलटवलं. "20,000 साहेबांना द्यायला दिलेत ना? लाच देणं हाही गुन्हा आहे. आणि वय 71 खोटं कुणी लिहून दिलं?" म्हणजे फसवलं त्याने आणि आरोपी आम्ही. एकजण तर तोंडावर म्हणाला, "बाईमाणसाला पिस्तूल हवंच कशाला?" देशाच्याच कारखान्याने 2014 ला बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, ते काय देवघरात ठेवायला? ह्यांनी सीमेवर आयुष्य घातलं, आणि त्यांना ताटकळत ठेवलं दुपारभर. चहा सोडा, 'बसा' म्हणायला जीभ उचलली नाही कुणाची. त्या एजंटाला मात्र त्याच आवारात सगळे नावाने हाक मारतात. मी ऐकलंय.

फिर्याद घेत नसतील तर वाद घालत बसू नका. लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्याच 173 मध्ये ती सोय आहे, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आम्ही पाठवलीय, पोचपावती आलीय. फोनवरून पैसे गेले असतील तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, त्याच दिवशी फोन करा. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता.

आणि सरळ रस्ता आहे, तो त्याने मुद्दाम सांगितला नाही. बायकोने स्वतःच्या नावाने ए-1 फॉर्म भरायचा, प्रशिक्षण, पोलीस अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. नाकारला तर 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याला पुण्याला, अपील. परवाना मिळाल्यावर नवऱ्याने आपलं हत्यार तिला द्यायचं ठरवलं तर आधी लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. वेळ लागतो, पण त्यात निळी फाईल कुठेच नाही. तोपर्यंत नवरा बाहेरगावी असेल तर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. आमचं आता तिथेच आहे.

परवा नणंदेच्या मिस्टरांकडून निरोप आला. तो मूळ कागद परत करा, 20,000 देतो म्हणतोय. नणंद म्हणते, घे आणि विषय मिटव. ज्यांच्याकडे असलेच दोन फोटोंचे कागद आहेत, कोरेगाव-रहिमतपूरकडे आणखी असणार याची मला खात्री आहे, त्यांनाही असा निरोप येईल. कागद देऊ नका, फाडू नका, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून मूळ प्रत कुलपात ठेवा. मी निरोप पाठवला की साडेसदुसष्ट पूर्ण, तेही ठाण्यात, सर्वांसमोर. उत्तर आलेलं नाही.